चौकातल्या फ्लेक्सवरची सून

महाळुंगे, रविवार

प्रिय सुरज,

परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, चेहरा का उतरलाय. मोबाईलचा कॅमेरा बिघडलाय म्हणून मी वेळ मारून नेली. कॅमेरा चांगला आहे. तुझा आवाज ऐकला की माझं ठरवलेलं सगळं ढासळतं, म्हणून आज लिहायला बसले.

आधी घरची बातमी. चौकातला माझा फ्लेक्स एकदाचा उतरला. व्हिसा हातात यायच्या आधीच आप्पांनी हौसेने लावलेला, आठवतं ना? पैठणी नेसलेली मी, मागे विमान, खाली 'आमच्या सूनबाई सौ. सोनल लंडनला रवाना!' लंडन कुठलं आलंय, तू तिथून चार तास लांब म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला. पण सासऱ्यांना कोण सांगणार? मीही कंपनीत राजीनामा दिला, शिफ्टच्या मैत्रिणींना पेढे वाटले. मग तिकडे नियम फिरला, तुझ्यासारख्या कामावरच्यांनी बायको-पोरं आणायची नाहीत. आणि मी आपली चौकात उन्हापावसात हसत उभी. भाजी आणायला गेले की बायका विचारायच्या, अगं, गेली न्हाईस व्हय?

तूच सांगायचास, बाहेरच्यांना हाकला म्हणणारा पक्ष तिकडे जोरात आहे, आणि त्याच्या धाकाने सरकार नवनवे नियम काढतंय. ज्या आजोबांना तू रोज अंघोळ घालतोस, तेही त्याच पक्षाचे. तुझा हात धरून म्हणतात, तुझ्याबद्दल नाही रे, बाकीच्यांबद्दल. तू हसत सांगितलंस, मला हसू आलं नाही.

आता चौकात त्याच जागी आप्पांचा फ्लेक्स आहे, हात जोडलेला. 'गाव आमचं, काम आमचं, परप्रांतीय चालते व्हा.' इथल्या एका नव्या पक्षाने त्यांना शाखाध्यक्ष केलंय. बाहेरच्यांना खोल्या द्यायच्या नाहीत असं गावात ठरलं, आणि सुरुवात अध्यक्षांच्या चाळीपासून झाली. मागच्या खोलीत ओडिशाची मिनती राहायची, सातवा महिना लागलेली. आप्पा तिला म्हणाले, "तेरे बारे में नहीं गं पोरी, बाकी लोगां के बारे में." आणि खोली रिकामी करून घेतली. मी तिची ओटी भरली. टेम्पोत भांडी, गादी, पंखा, आणि तिच्या शेजारी तिला धरून बसलेला तिचा नवरा. मला तिचा हेवा वाटला, सुरज. घरातून काढलेल्या बाईचा हेवा! घरात येऊन खूप रडले.

निगडीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, मूल हवं असेल तर आता थांबू नका. परत ये, चाकणला काहीतरी काम मिळेलच, असं मी तुला किती वेळा विनवलं. तुझं एकच, फ्लेक्स लागल्यावर गावात काय तोंड दाखवू? पाच वर्षांनी तिकडे कायमचं राहायची परवानगी मिळाली की मला नेणार होतास. ती पाच वर्षांची अट आता दहावर नेतायत, आणि तू तरीही थांबायला तयार आहेस. मी नाही रे. तुझ्यावर राग नाही असं लिहिणार होते, पण आहे, खूप आहे. उद्या मी देहूरोडला आईकडे जातेय, कायमची. आप्पांना अजून सांगितलेलं नाही, आधी तुला सांगावंसं वाटलं. मला मूल हवंय, आणि जेवताना समोर बसणारा माणूस हवाय. तो माणूस तूच असावास म्हणून एवढे दिवस थांबले. आता नाही थांबवत.

आजच्या दिवसापुरती तुझीच,
सोनल