आधी काडतूस ठरू दे

१ मार्च, रविवार
चार आहेत ना, मग पाचवी कशाला? हे विचारणाऱ्यानं आधी स्वतःच्या कपाटातले बूट मोजावेत. मी मोजलेत. मी कधी बोललो का? नाही. तर मग.
थर्टी-ऑट-सिक्स उत्तम बंदूक आहे, मान्य. तिनं सगळं होतं. तेच तर दुखणं आहे. सगळं एकाच बंदुकीनं व्हायला लागलं की माणसाची वाढ खुंटते. रोज बीन्सच खातो का आपण?
बायकोला, मायतेला, हे तीनदा समजावलं. ती भांडी विसळत होती. म्हणाली, ऐकतेय.
ठराव: चेंज म्हणून एक नवीन रायफल, नवीन काडतूस. एल्कसाठी, घोड्याएवढं हरीण ते. यंदाच्या सीझनच्या आत. अभ्यास करून. घाई नाही.
(हे मी कुणासाठी लिहीत नाहीये. तरी कुणी वाचत असेल, तर बुटांचं वाचून मग बोलावं.)

८ मार्च
सासऱ्यांकडे जेवण. मेंढीचा रस्सा, चोरिसो सॉसेज, लाल वाइन. गानिश म्हातारा ऐंशीच्या पुढे गेला. मिसरूड फुटायच्या आत युरोपातल्या पिरेनीज डोंगरांतून इथे अमेरिकेत, नेवाडात मेंढ्या राखायला आला आणि उभा जन्म समोरच्या डोंगरात काढला. एल्क रोज बघितले, एकही मारला नाही. परवाना सोडतीत लागतो आणि याचा नंबर कधी लागलाच नाही. आता डॉक्टर म्हणतो, हृदयाची झडप गेलीय. डोंगर चढायचा तर यंदा चढून घ्या, पुढच्या वर्षीपासून खालूनच बघायचा.
मायतेचं म्हणणं पडलं की यंदा तुम्ही दोघं जोडअर्ज करा. लागला तर दोघांना एकदम लागतो. शेवटची तारीख १३ मे. म्हटलं, सोपवा माझ्यावर. या विषयात गावात माझा हात धरणारा कुणी नाही.
म्हातारा म्हणाला, "जावईबापू, मला त्या कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. तू दाखवशील तिथे सही करतो." मी सांगितलं, सही वगैरे लागत नाही. तरी त्यानं रश्श्याचे हात पुसून घेतले.

१५ मार्च
अर्जात शिकारीचा भाग निवडावा लागतो. उत्तरेचा मोकळा माळ, नाहीतर दक्षिणेची दाट झाडी.
इथेच लोक चुकतात. आधी भाग निवडतात, मग बंदूक. अहो, लांब मारणारं काडतूस असेल तर माळ. जड, जवळून मारणारं असेल तर झाडी. म्हणजे आधी काडतूस, मग भाग, मग अर्ज. नीट मांडलं की किती सोपं असतं.

२२ मार्च
सेव्हन एमएम मॅग्नम. नक्की. विषय संपला.

२४ मार्च
सेव्हन एमएम मॅग्नम माझ्याकडे आहे. कपाटात मागच्या बाजूला सापडली.

४ एप्रिल
आर्विन स्कॅग्जच्या दुकानात तीन तास. बंदुकांचं दुकान चालवतो, पण विषयात रस शून्य. मी गोळीचं वजन, वेग, दोनशे यार्डांवरची ताकद, सगळं सविस्तर मांडलं. तो गिऱ्हाइकाला मासेमारीचे गळ दाखवत होता. शेवटी म्हणाला, "लोरिन, एल्कला कुठलं काडतूस लागलं ते कळत नाही रे. तोवर तो मेलेला असतो." गिऱ्हाईक हसलं. मीही हसलो. असल्या माणसांशी वाद घालण्यात अर्थ नसतो.
निघताना विचारतो, म्हाताऱ्याचा अर्ज भरलास का. म्हटलं, त्यासाठीच तर आलोय.

११ एप्रिल
थर्टी-फाइव्ह व्हेलन. जुनं काडतूस, खानदानी. नावातच वजन आहे. आर्विन म्हणतो, याच्या गोळ्या या जिल्ह्यात कुणाकडे मिळायच्या नाहीत. तेच तर म्हणतोय मी. मायतेलाही सांगितलं. ती म्हणाली, मग गोळ्यांशिवायच जाणार का? बायकांना दर्जा समजावणं अवघड आहे.

१९ एप्रिल
म्हातारा तयारीला लागलाय. पिशवीत दगड भरून रोज टेकडीवरच्या कब्रस्तानापर्यंत जाऊन येतो. ओठ निळे पडतात, मायते रागावते, हा म्हणतो डॉक्टरनं चालायला सांगितलंय.
मला बाजूला घेऊन म्हणाला, उत्तरेच्या भागात एक झरा आहे, त्याच्या वर ॲस्पनची राई. पोरवयात तिथल्या एका झाडाच्या सालीवर त्यानं नाव कोरलं होतं. सगळेच मेंढपाळ कोरायचे, दुसरं करणार काय. झाड वाढलं की अक्षरं रुंद होतात. "आता केवढं मोठं झालं असेल रे नाव माझं. एल्क तिथेच येतात पाण्यावर. तोच भाग लिही."
म्हटलं, बघू. भावनेच्या भरात भाग निवडायचा नसतो. उत्तरेला मोकळा माळ आहे. व्हेलन तिथे पोचत नाही.

२८ एप्रिल
मायतेनं विचारलं, अर्ज झाला का? म्हटलं, जवळजवळ. म्हणाली, जवळजवळ म्हणजे कुठवर आलाय? म्हटलं, काडतुसापर्यंत. मग ती म्हणाली, दे, मी भरते. मी शांतपणे सांगितलं की यात बारकावे असतात.
सवयीप्रमाणे कपाटाचं दार जरा जोरात लावलं तिनं.

२ मे
व्हेलन रद्द. थ्री-थर्टी-एट मॅग्नम. अस्वलसुद्धा बसल्या जागी बसतं म्हणतात. आमच्याकडे त्या जातीचं अस्वल नाही, पण तयारी असावी. ऑर्डर दिली. मन हलकं झालं. आर्विननं विचारलं, धक्का सोसवेल का? मी पावती घडी करून खिशात घातली.

१३ मे, बुधवार
आली! कामावर आजारपणाची रजा टाकली आणि थेट चांदमारीच्या मैदानावर. काय वस्तू आहे. अक्रोडाचा दस्ता, हातात घेतली की वाटतं आपण आधी कुणी दुसरेच होतो.
पहिल्याच गोळीला बंदुकीवरची दुर्बीण मागे येऊन भुवईवर बसली. रक्त बऱ्यापैकी. आर्विन सोबत होता, त्यानं रुमाल दिला आणि म्हणाला, गोळी निशाण्यावर लागली पण, बघ. खरंच लागली होती. शेजारच्याच्या निशाण्यावर, पण मधोमध.
दवाखाना, टाके, बर्फ. मायते ड्यूटीवरून उशिरा येणार. लवकर आडवा झालो. एकूण दिवस सार्थकी.

१४ मे
बर्फ. डोळा उघडत नाही. चांदमारीवरच्या लोकांचे फोन आले. सगळे काळजीनं हसत होते.

१५ मे
डोळा उघडला. निर्णयही झाला: थ्री-थर्टी-एट, म्हणून दाट झाडी, म्हणून दक्षिणेचा भाग. अडीच महिन्यांचा अभ्यास एका ओळीत. चहा घेऊन अर्ज भरायला बसलो.
बंद झालाय.
तारीख स्पष्ट छापलेली होती, हे मान्य करायला हवं. वर, ठळक. मी डोळ्याला बर्फ लावून होतो, हेही कुणीतरी लक्षात घ्यायला हवं.

१६ मे
शांतपणे विचार केला. सोडत म्हणजे नशीब. इतकी वर्षं म्हाताऱ्याचा नंबर लागलेला नाही. म्हणजे यंदाही लागला नसताच. न लागलेला अर्ज आणि न केलेला अर्ज यांत फरक काय? निकाल एकच. ही थाप नव्हे, गणित आहे.
मायतेनं विचारलं. म्हटलं, झालं सगळं. ती आली आणि भुवईच्या पट्टीला हात न लावता डोक्यावरून हात फिरवून गेली.

१७ मे
आर्विन म्हणाला, दरवर्षी नंबर हुकला की पुढच्या वर्षी चिठ्ठ्या वाढतात. गानिशच्या इतक्या साठल्यात की यंदा न लागणंच कठीण.
आर्विनला सगळ्यातलं थोडं थोडं कळतं. असली माणसं घातक.

२४ मे
जेवायला तिकडेच. ठरवून गेलो होतो की गोड खाऊन झालं की सांगायचं. म्हाताऱ्यानं घरातला फ्रीझर रिकामा करायला काढलाय. एल्कला जागा हवी. गेल्या वर्षीचं मटण शेजारी, चर्चमध्ये, पोस्टमनला, सगळ्यांना वाटून टाकलं. आम्हाला दोन तंगड्या. रिकामा फ्रीझर मला उघडून दाखवला. आत पुसूनसुद्धा घेतला होता.
गोडानंतर चीज आलं. चीजनंतर कॉफी. मग त्याला झोप आली.
ठराव: उद्या.

२५ मे
उद्या.

२८ मे
उद्या निकाल आहेच. निकालासोबतच सांगितलेलं बरं. लोकांना एका दिवसात दोन धक्के नकोत.

२९ मे, शुक्रवार
सकाळी एकटाच गेलो. म्हातारा दाढी करून, चर्चचा शर्ट घालून स्वयंपाकघरात बसला होता. दोन पेले काढून ठेवलेले. वाटेत गाडीत पाठ केलं होतं तसंच म्हटलं, नंबर लागला नाही.
त्यानं खिडकीतून बाहेर बघितलं. डोंगरावर अजून बर्फ आहे. मग म्हणाला, बरं. एक पेला उचलून परत कपाटात ठेवला, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा काढला आणि दोन्ही भरले.
मला वाटलं, झालं. गणित बरोबर होतं.
पण म्हातारा उठला, आतून त्याची जुनी सॅव्हेज रायफल घेऊन आला. मेंढ्यांमागे घोड्यावर असायची ती. दस्त्यावरचं पॉलिश गालाच्या जागी पार उडालंय. माझ्या हातात दिली. म्हणाला, "माझं काय, सवय आहे मला. तू माझ्यापायी तीन महिने खपलास, भुवई फोडून घेतलीस. ही तुझी. मायते तुला काही बोलली तर मला सांग."
मी सांगायला लागलो की सॅव्हेजचं काडतूस मध्यम पल्ल्याला फार चांगलं. दीडशे ग्रेनची गोळी घेतली तर. तो मान हलवत होता. डोळे पुसत होता बहुतेक, मी दस्त्याकडे बघत होतो.
मग म्हटलं, "अर्ज केलाच नव्हता मी. राहिला."
त्यानं तोंड उघडायच्या आत दारातून बाहेर.
फाटकाशी गेल्यावर लक्षात आलं, गाडीची किल्ली त्याच्या टेबलावर आणि त्याची बंदूक माझ्या हातात. आतून माझ्या नावानं हाक आली. मी हायवेच्या कडेनं चालायला लागलो.