बिननावाच्या चिठ्ठीची नोंदवही

नवीन जालना,
सोमवार

तीर्थरूप भुजंगमामांना भाची दैवशालाचा नमस्कार.

शहागडला सगळे बरे असतील, पुष्पामामींचे गुडघे ताळ्यावर आले असतील आणि तुमचा रक्तदाब तुमच्या स्वभावाइतका चढलेला नसेल, असं धरून चालते. मी ठीक आहे, म्हणजे नर्सची नोकरी अजून आहे.

मागच्या आठवड्यात आमच्या दवाखान्यात 'निर्भयपणे बोला' असं शिबिर झालं. पेशंटला धोका दिसला तर कर्मचाऱ्यांनी न भिता सांगावं, यावर मोठे डॉक्टर दीड तास बोलले (आम्हाला बोलायला वेळ उरला नाही). मला तर चार महिन्यांपासून एक धोका दिसतोय. मळमळीचं इंजेक्शन आणि रक्तदाब चढवायचं इंजेक्शन, दोन्हींच्या काचेच्या कुप्या सारख्याच दिसतात आणि एकाच ट्रेमध्ये राहतात. परवा केशरबाई म्हणून एका पेशंटच्या वेळी चुकीची कुपी माझ्या हातात आली होती. सुई भरण्याआधी नाव वाचलं, म्हणून बाई आज घरी भाकरी थापतेय.

शिबिरानंतर तक्रारपेटी आली. नाव न देता चिठ्ठी टाकायची. पेटी टांगली आमच्या इन्चार्ज सिस्टर सोनूबाईंच्या खुर्चीमागे (तिथलाच खिळा रिकामा होता). ओळखू येऊ नये म्हणून मी डाव्या हातानं लिहिलं. टाकायला गेले, तर सोनूबाईंनी वही पुढे केली. "बिननावाची हाय ना? मंग हितं नाव लिही, सही कर. किती जणांनी बिननावाची टाकली, ते मोठ्या डॉक्टरांना दाखवावं लागतं." मी सही केली, मामा. वही पुढे आली की सही करायची, इतक्या वर्षांची सवय. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावून चिठ्ठी परत हातात दिली. "तुझं अक्षर लागून न्हाई राह्यलं, तूच वाच." वाचली. त्यावर बैठक झाली, चहा झाला, आणि कारवाई म्हणून ट्रेवर 'सावध राहा' असा मोठा कागद चिकटवला. ट्रेवर औषधांची जी नावं होती, ती त्याच्याखाली गेली.

बाकी सगळं क्षेम. मामींना नमस्कार, अंगदला आशीर्वाद.

तुमची
दैवशाला

ता. क. – इथं नर्सनं सांगितलं की बैठक होते, पेशंटनं आवाज चढवला की तासाभरात काम होतं. तुम्ही निवृत्त तलाठी, आवाजाची कमतरता नाही. गुरुवारी दोन दिवसांसाठी दाखल व्हा. चक्कर येते म्हणा, ट्रे बघायला मागा आणि दोन्ही कुप्या वेगळ्या ठेवेपर्यंत ओरडत राहा. मला ओळखू नका.

ता. ता. क. – गुरुवारी माझी सुट्टी आहे. चक्करच सांगा. मळमळ होते असं चुकूनही म्हणू नका.