मार्नाची प्रार्थना

प्रिय सुन्निवा,

कोपनहेगनला सुखरूप पोचलो. ऑपरेशन उद्या सकाळी आहे. डॉक्टर हुशार वाटतात, तेव्हा तू नीट जेवत जा. मेंढ्या आत घेतल्यास ना?

मार्ना रोज येते. आपला योगन समुद्रात बुडाल्यापासून आपण चर्चची पायरी चढलो नाही, पण आपली पोरगी इथं दर रविवारी जाते. काल म्हणाली, "बाबा, तुमच्यासाठी प्रार्थना करू?"

"तुझ्या भावासाठी आम्ही काय कमी केली होती?" मी फटकारलं.

ती रागावली नाही. "तुम्हाला जमत नसेल तर राहू द्या. दोघांची मीच म्हणते." माझा हात धरून तिनं डोळे मिटले.

शेवटी आमेन म्हणावंसं वाटलं, पण शब्द फुटेना. ती बराच वेळ थांबली, मग एकटीच म्हणाली.

उद्या माझं काही बरंवाईट झालं, तर ती गावी आल्यावर चर्चमध्ये तिच्याशेजारी जाऊन बस.

तुझाच,
हानुस