उबेत न्यावयाचा नमुना

६ जानेवारी
दिगूच्या आईला, सुमनला, जाऊन आज सात महिने. सून रेवती चौथ्या डॉक्टरांकडे जाऊन आली. लग्नाला सहा वर्षे झाली; मूल नाही म्हणून तपासण्या, गोळ्या, उपास सगळे तिच्याच वाट्याला. या डॉक्टरीणबाईंनी तिची फाइल मिटली व म्हणाल्या, "आता नवऱ्याचा अहवाल आणा." सहा वर्षांत हे कोणीच -
चूक. सुमन म्हणाली होती. "दिगूला का तपासत नाहीत? तुम्ही बोला ना त्याच्याशी." मी उत्तरलो होतो, असले विषय बापलेकांत होत नसतात. वाक्य माझेच. नोंदवून ठेवतो.

७ जानेवारी
चि. दिगू भडकला. "मला काय धाड भरलीया? सगळी पेठ वळखती मला. लॅबमधी रांगेत उभारू व्हय?" गदा घेतलेला त्याचा फोटो त्याच्या व्यायामशाळेच्या पाटीवर अजून आहे. रेवती भाकरी थापता थापता म्हणाली, "मी सहा वर्षं उभारतीया की." 
तोडगा: नमुना घरी घ्यायचा व तासाभरात पोहोचवायचा. कोणी? रेवतीला पाठवणे मला योग्य वाटेना. मी नेईन म्हणालो. कसे म्हणालो, ठाऊक नाही.

९ जानेवारी
हवा गार. सूचना अशी की बाटली अंगालगत, उबेत ठेवावी. सुमनने विणलेल्या स्वेटरच्या आत, शर्टाच्या खिशात ठेवली. वरून हात धरून रिक्षात बसलो. सिग्नलला एक जुना विद्यार्थी दुचाकीवरून डोकावला. "सर, छातीत दुखतंय काय? दवाखान्यात चला!" ऐकेना. थेट राजारामपुरीतल्या लॅबपर्यंत रिक्षामागे आला.
काउंटरवरील मुलीने विचारले, "काका, सँपल तुमचं?" मागे तिघेजण. शे-दीडशे मुलांच्या वर्गांपुढे आयुष्य गेले, पण इथे काउंटरवर वाकून, हळू आवाजात "मुलाचे," म्हणालो. ती म्हणाली, "चिठ्ठीवर वेळ लिहा." एवढेच. आभाळ कोसळले नाही.

१० जानेवारी
अहवाल: शुक्राणू आढळले नाहीत.
रेवतीने सांगितले ते असे. डॉ.नी त्याला बरेच विचारले: तंबाखू, दारू, लहानपणी गालगुंड, वाफेच्या खोलीत बसणे, जिमची इंजेक्शने. तंबाखू कबूल केली. बाकी सर्व 'न्हाई'. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी.
तो जेवला नाही.

२४ जानेवारी
रेवतीला कणकण. थर्मामीटर सुमनच्या औषधांच्या डब्यात. तिच्यामागे तो डबा मी उघडला नव्हता. वर तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या, पाकीट अर्धे संपलेले. खाली पाच कुप्या व सुया. तारखा अलीकडच्या. लेबल दोनदा वाचले. पुरुष संप्रेरक.
दिगूला बोलावून डबा समोर ठेवला. खाली मान घालून म्हणाला, "आईच्या डब्याला तुम्ही हात लावणार न्हाई, म्हाईत होतं."
चार वर्षे घेतो आहे. "अंग उतरलं तर जिममधी कोण येणार, अप्पा? रिपोर्ट आल्यावर डबल केलं. मर्दाचं औषध हाय, फरक पडंल वाटलं."
राग यायला हवा होता. परंतु तो तालमीत असताना दर रविवारी टेप घेऊन त्याचे दंड मापणारा मीच. इंच वाढला की पेढे आणणाराही मीच. त्याच्या शेजारी बसलो. "उद्या हे डॉक्टरांना सांगायचे. मी बरोबर येतो."
असले विषय बापलेकांत झाले.

२५ जानेवारी
डॉ. रागावल्या नाहीत. असे बरेच येतात म्हणे. बाहेरून संप्रेरक मिळाले की शरीर आतले काम थांबवते. वाढवलेला डोस तर उलट घातकच. आता इंजेक्शने बंद, त्यांच्या देखरेखीत औषधे, तंबाखूला हात नाही. निदान तीन महिने, कदाचित वर्षही. "बहुतेकांचं परत सुरू होतं. पण वचन देत नाही."
जिन्यात रेवती थांबली. "हे आईंना कळायला हवं होतं, अप्पा."
"तिला संशय होता. मीच बोलू दिले नाही."
 दोन पायऱ्या उतरून ती परत वळली व माझ्या हातातली पिशवी घेतली.

१६ मार्च
दिगू अंगाने उतरला. शर्ट सैल, चिडचिड फार. एक दोस्त दारातूनच ओरडला, "पैलवान, हवा गेली की रं!" दिगू हसला, मग आत येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. रेवतीने ताक नेऊन दिले. तिला कोडोलीला माहेरी जायचे होते, गेली नाही. का, ते विचारले नाही.
डबा पुसून जागी ठेवला. सुमनच्या गोळ्या अद्याप टाकवत नाहीत.

२८ एप्रिल
आज पुन्हा नमुना. उन्हाळा असूनही सवयीने कपाटातून स्वेटर काढला. दिगू म्हणाला, "ठेवा ते, अप्पा. मी येतो. तिथंच देतो."
तिघेही गेलो. काउंटरवर तीच मुलगी. तिने त्याला ओळखले. "अगं बया, पैलवान तुम्ही? कुणाचं सँपल?" रांगेतली डोकी वळली.
"माझंच," तो म्हणाला. तालमीतल्यासारखा मोठ्याने. कान लाल झालेले.
अहवाल उद्या. रेवतीने येताना विचारले, या वेळीही काही आढळले नाही तर?  
परंतु आज ती बाकावर बसली होती, आणि रांगेत तो उभा होता. सुमन, एवढे तरी झाले.