चाकाला लागलेला हात

आबा, परवा आई खोटं बोलली आणि मी शेजारी उभा राहून ऐकून घेतलं. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता डोळे मिटावे लागतात. आपल्या चाकाची घरघर मात्र इथे दिल्लीला, मुनिरक्याच्या गल्लीतल्या गोंगाटातही ऐकू येते.

तुमच्या माघारी मला जे काम मिळालं ते ऐकून तुम्ही हसला असता. कुंभाराचा मुलगा दिल्लीत बसून फुटकी मडकी जपतो. उत्खननात निघालेली खापरं आमच्या प्रयोगशाळेत येतात आणि मी त्यांची चित्रं काढतो. आमच्या मॅडम सध्या त्या खापरांवरचे बोटांचे ठसे तपासत आहेत. ओल्या मातीवर उमटलेला ठसा मडकं भाजल्यावर हजारो वर्षं तसाच राहतो. बाईच्या बोटावरच्या रेषा पुरुषाच्या मानाने बारीक आणि जवळजवळ असतात, म्हणून पुष्कळ ठसे ताडून पाहिले तर मडकं कुणी घडवलं याचा अंदाज बांधता येतो. मॅडम मात्र घाईने काही बोलत नाहीत. लहान मुलांच्या रेषाही बारीकच असतात, असं त्या प्रत्येकाला बजावतात. पूर्वी थडग्यात मणी निघाले की बाई आणि शस्त्र निघालं की पुरुष, असं ठरवून संशोधक मोकळे व्हायचे. पुढे हाडं तपासल्यावर ते काही ठिकाणी चुकीचं निघालं. आपण आपल्या घरात जे पाहतो तेच जुन्या माणसांच्या घरात नेऊन ठेवतो, असं त्या म्हणतात.

ताडून पाहायला त्यांना आजच्या कुंभारांचे ठसे हवे होते, आणि कोण कोणतं काम करायचं तेही विचारायचं होतं. म्हणून मी आईला घेऊन गेलो. सोबत दिल्लीतच वाढलेली तुमची नात होती. तिला ‘खापर’ म्हणजे काय तेही हिंदीत ‘ठीकरा’ म्हणून सांगावं लागतं, पण आजीबरोबर कुठेही जायला ती तयार असते. आईने मातीच्या वडीवर अंगठा दाबला, मग सवयीने कडेची माती बोटाने सारखी केली. मॅडमनी विचारलं, “माताजी, चाक भी चलाया कभी?”

“नहीं नहीं,” आई म्हणाली. “हमारे में औरत लोग चाक को हात नहीं लगाता. मैं सिर्फ पीटती थी.”

“किसको पीटती थी आजी? आबांना?” नात म्हणाली. आई सांगत होती ते ओलं मडकं थापीने ठोकून घडवण्याचं, पण सगळे हसले, आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मॅडमनी आईचं उत्तर उतरवून घेतलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

कारण मला तो दिवस दिसत होता. मी कॉलेजातून सुट्टीला आलोय. अंगावरून वारं जाऊन तुमचा उजवा हात लुळा पडलाय आणि तुम्ही ओट्यावर बाजेवर बसलाय. दार ओढून घेतलंय आणि आत चाक फिरतंय. नवरात्राचे घट करायला सांगायला आलेले शेजारचे काका विचारतात, “आत कोण बसलंय हो?”

“मेहुणा आलाय,” तुम्ही म्हणता.

ओट्यावर वाळत ठेवलेला घट उचलून काका म्हणतात, “मेहुण्याचा हात लई हलका दिसतो!”

“शिकवलंय कुणी मग?”

काका गेल्यावर मी दार ढकललं. आई चाकावर होती, पदर कमरेला खोचलेला, कोपरापर्यंत चिखल. चाकाच्या कडेला बेलाचं पान ठेवलेलं होतं. तुम्ही मागून एवढंच म्हणालात, “पाहिलंस ते उंबऱ्याच्या आत ठेव.” त्या नवरात्रात गावात घरोघरी बसलेले घट आईच्या हातचे होते. लोक तुमच्या बोटांचं कौतुक करत राहिले. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

प्रयोगशाळेतून परतताना रिक्षात मी आईला विचारलं, “का असं सांगितलंस?” ती म्हणाली, “चाक म्हणजे महादेव. मी त्याला हात लावला आणि वर्षाच्या आत हे गेले. तुला काय सांगू?” इतकी वर्षं ती हे मनात घेऊन जगली, आबा. घट भरताना, दिवा लावताना, माझ्या मुलीला न्हाऊ घालताना. मला वाटत होतं, ती तुमची अब्रू सांभाळते आहे. ती स्वतःला तुमच्या मरणाचं कारण समजत होती.

मी स्वतः सोमवार धरतो, बेल वाहतो. देव असा कोपत नाही, असं ठामपणे म्हणायला मी कोण? आणि गप्प बसावं तर मॅडमच्या कामात ती ओळ तशीच जाणार: या घरांत बायका चाकावर बसत नसत. मग कुणीतरी तीच ओळ उचलून हजारो वर्षांपूर्वीच्या घरांना लावणार. अशा किती आया दार ओढून चाक फिरवत असतील आणि विचारल्यावर नाही म्हणाल्या असतील, या विचाराने काल कामावर एकही चित्र धड जमलं नाही. तुमचा शब्द मोडावा, तर आईचं गुपित तिच्या इच्छेविरुद्ध उघडं पडणार.

आज सकाळी ती तुळशीला पाणी घालत होती. मी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, “आई, आबा जायच्या आधी मला एक बोलले होते. म्हणाले, चाकावर तिला मीच बसवलं, महादेवाला विचारून बसवलं. त्याने तिच्या हाताला यश दिलं, तो तिच्यावर कसा रागावेल?”

तांब्या हातात धरून ती उभी राहिली. “असं म्हणाले?”

“हो.”

“मला नाही कधी म्हणाले.” मग डोळे पुसून, जरा रागानेच म्हणाली, “उभ्या जन्मात कुणाचं कौतुक केलं नाही ह्यांनी. आणि केलं ते माझ्या माघारी!” पुढे चहा पिताना आपणहून म्हणाली, “त्या बाईला फोन लाव. म्हणावं, मी चुकीचं सांगितलं. चाक मीच चालवत होते. अन् रांजणसुद्धा केले होते म्हणावं, लहान नव्हे.”

मी फोन लावला. ती मोठ्याने, तिच्या हिंदीत, सगळं सांगत होती आणि हसत होती.

आबा, तुम्ही असं काही कधी बोलला नव्हता. ते सगळं माझंच होतं. आईची मडकी तुमच्या नावावर खपली, तसंच हेही खपवलं.