तारेचं पाठांतर

मंगळवार, दिवेलागण

सकाळपासून कानात लहानपणीच्या शाळेतला तो सूर आहे. सारा वर्ग कविता घोकतोय, मास्तरांची छडी टेबलावर ताल धरतेय. जितकं घोकावं तितकं पक्कं पाठ.

तिथंच फसलो ना मी! भरे गावातल्या हिराबाईंच्या रोपवाटिकेची खिडकी मी आकार लक्षात ठेवणाऱ्या तारेवर बसवली; 'तिला आकार पाठ असतो,' असं त्यांना सांगितलंही. ऊन तापलं की तार आखडते, खिडकी चार बोटं उघडते. संगणकावर गणित मांडताना धरूनच चाललो, की तार दर वेळी तितकीच आखडेल. पण ओझं ओढत रोज तापायचं, निवायचं, यात ती थोडंथोडं विसरत जाते. काल पाहिली तर दोनच बोटं. दोनच! आज गणित सुधारून पाहिलं, तर दिसलं की चार दिवसांनी ती जेमतेम एक बोट उघडेल. मिरचीची रोपं आत उकडून जातील. आणि हिराबाई माझ्या भरवशावर कुलूप लावून ताम्हिणीला लग्नाला गेलेल्या. फोन लागत नाही. कसं सांगू?

एवढं लिहिलं आणि दार वाजलं. हिराबाईच!

"अण्णा, न्हाई गेले लग्नाला. आठ दिस बघतीया, खिडकी रोज जरा कमीच उघडती. काठी लावून आले. तुमच्या तारेला पाठांतर जमंना व्हय?"