डाव्या हाताने कसलेलं हेड

दारव्हा,
१२ फेब्रुवारी १९६३

देवीलाल उस्तादांना भीमराजचा जयभीम. मानीकाकूंना नमस्कार. इकडे मी, नलू, पोरं सगळी मजेत आहोत.

पत्र रागाने फाडू नका. तुमचं गॅरेज मी सोडलं ते पुस्तकावरून भांडण होऊन. कुठला नट किती कसायचा हे कंपनीच्या पुस्तकात छापलेलं असतं, एवढंच मी म्हणालो होतो. तुम्ही अख्ख्या उमरखेडला ऐकू जाईल असे ओरडलात, "पुस्तक काय नट कसते काय रे? मनगटाले इचार!" तुमचं मनगट होतंच तसं. माझं नव्हतं, म्हणून मला पुस्तक लागलं.

आता गंमत ऐका. कसण्याचा जोर मोजणारा पाना इकडे कुठे मिळायचा? मी फूटभर लांब पान्याच्या टोकाला कापूस तोलायचा स्प्रिंगचा काटा अडकवला. पुस्तक म्हणतं पंचवीस रत्तल, तर काटा पंचवीसवर येईपर्यंत ओढायचं आणि थांबायचं. पहिल्याच नटाला ओढलं आणि आटेच गेले! नलू पोट धरून हसली. "अवो, पुस्तक रत्तलाचं अन् काटा नव्या किलोचा! तुमी तं दुपटीच्या वर वढून राह्यले ना!" आता काट्यावर साडेअकरा किलोच्या जरा आत लाल रेघ मारली आहे. त्यानंतर एकही आटा गेलेला नाही.

मानीकाकू दिग्रसच्या लग्नात भेटल्या. "सांगू नोको" म्हणाल्या, तरी लिहितो. गॅरेज तुम्ही गिऱ्हाईक नाही म्हणून बंद केलेलं नाही. लकव्याचा झटका आल्यापासून उजव्या हातातली जाण गेली, नट कसला की ढिला राहिला हे तुम्हाला कळत नाही. ऐकून मला रडू आलं, आणि मग तुमचा रागच आला. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा माणूस ओट्यावर बसून राहतो म्हणजे काय? तो कान मला अजून आलेला नाही. टॅपेट वाजतंय की पिस्टन, यात मी रोज फसतो. मला तुम्ही इथे हवे आहात.

पत्र घेऊन आलेले बाबाराव जमादार माझं गिऱ्हाईक. त्यांची मोटारसायकल तुमच्या दारात उभी असेल. दारव्ह्याहून पळत आली आहे. बाहेर या आणि इंजिनावर हेडचं झाकण बसतं त्या सांध्यावरून बोट फिरवा. तेलाचा थेंब लागला तर हे पत्र चुलीत घाला. कोरडं निघालं तर काकूंना सांगून जमादारांच्या मागे बसा.

त्या हेडचे सगळे नट मी डाव्या हाताने कसले आहेत. उजवा पाठीशी धरला होता. काट्याला उजवा-डावा कळत नाही, उस्ताद.

अजूनही तुमच्याच हाताखालचा,
भीमराज